प्रश्न विचारणाऱ्याची खुर्ची

चौकशीच्या प्रवेशाइतका स्वस्त प्रवेश नाटकात दुसरा नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि वरून लोंबणारा दिवा एवढ्यावर तो उभा राहतो. पण आरोपी निर्दोष असला की तोच प्रवेश फार अवघड होतो. खरे काय ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे रहस्य उरत नाही आणि सगळा भार जबाब कसा काढला जातो यावर येऊन पडतो. पोलिसांच्या भाषेत ‘विचारपूस’ आणि ‘कबुली’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात उत्तर हवे असते, दुसऱ्यात उत्तर आधीच ठरलेले असते आणि फक्त सही हवी असते. खोट्या आरोपाचे नाटक या दुसऱ्या जातीचे.

विज्ञानकथेने या प्रवेशात तिसरा घटक आणला. प्रश्न माणूस विचारतो, पण उत्तर खरे की खोटे ते यंत्र ठरवते. किंवा आरोपीचे खरे उत्तरच इतके अजब असते की ऐकणाऱ्याला ते खोटे वाटावे. मराठीत खोट्या आरोपाचे नाटक उत्तम आहे. विज्ञानकथाही आहे आणि तिचा वाचक मोठा आहे. दोन्ही एकत्र आलेली नाट्यकृती मात्र शोधूनही हाती लागत नाही. असे का, याचे उत्तर मराठी नाटकाच्या दुबळेपणात नसून त्याच्या बळात आहे. मराठी नाटककाराला प्रश्न विचारणारा माणूस फार चांगला रंगवता येतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत माणूसच नसेल, तर काय करायचे हे त्याला अजून सुचलेले नाही.

या प्रवेशाचे जुने घर ‘मृच्छकटिक’. शूद्रकाच्या या नाटकाला गोविंद बल्लाळ देवलांनी संगीत नाटकाचे रूप दिले आणि ते मराठी प्रेक्षकाचे झाले. नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. न्यायाधीश वाईट माणूस नाही. चारुदत्त असे करील यावर त्याचा विश्वास बसत नाही. पण फिर्यादी शकार हा राजाचा मेहुणा आहे, आणि पहिल्या धमकीतच न्यायाधीशाला आपली जागा कळते. चारुदत्ताला गणिकेशी असलेली मैत्री भर कचेरीत कबूल करायची लाज वाटते. तो घुटमळतो आणि ते घुटमळणेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. त्यातच त्याच्या मित्राच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. गुन्ह्याशी काही संबंध नसलेली शरम गुन्ह्याची खूण ठरते. पुढे जिवंत वसंतसेना वधस्तंभापाशी येऊन पोचते म्हणून चारुदत्त वाचतो. न्यायालयाने त्याला वाचवलेले नसते.

लोकप्रिय रंगभूमीने मात्र न्यायालय उलट्या अंगाने वापरले. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आले. माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर बेतलेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकर पाच रूपांत वावरत आणि फिरता रंगमंच क्षणात न्यायालयातून वेगळ्याच गावात नेत असे. आरोपी लखोबा लोखंडे प्रत्येक साक्षीला तोच नकार देतो आणि प्रेक्षक त्या नकारावर टाळ्या वाजवतो, कारण तो खोटा आहे हे त्याला पक्के माहीत असते. आरोपी दोषी आहे याची खात्री असल्यामुळेच ही चौकशी करमणूक होऊ शकते. मराठी मध्यमवर्गाला न्यायालयाची गोडी या नाटकाने लावली, आणि त्या गोडीत न्यायालय बरोबर माणसालाच पकडते हा विश्वासही मिसळलेला होता.

पाच वर्षांनी विजय तेंडुलकरांनी तो विश्वास मोडला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले, नाटकातली शिक्षिका लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी उभी केली. नाटकाचे साम्य फ्रीड्रिश ड्युरेनमाट यांच्या १९५६ च्या ‘दी पाने’ या कृतीशी दाखवले गेले. तिथे गाडी बिघडलेला एक फिरता विक्रेता निवृत्त न्यायाधीश आणि वकिलांच्या घरी रात्र काढतो आणि खेळ म्हणून आरोपी होतो. साम्य आहे, पण फरक अधिक बोलका आहे. ड्युरेनमाटचा विक्रेता अनोळखी लोकांच्या हाती सापडतो, तर बेणारेबाई रोज ज्यांच्याबरोबर चहा पितात त्यांच्याच हाती.

हौशी नटांची मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला आली आहे. संध्याकाळचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रे बनवल्याबद्दल. खेळाला वेळ आहे आणि सामंत नावाच्या गावकऱ्याला कोर्टाची रीत माहीत नाही, म्हणून वेळ घालवायला एक तालीम करायची ठरते आणि बेणारेबाईंना पिंजऱ्यात उभे केले जाते. आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर न्यायाधीश होतात आणि सुखात्मे वकील. सुखात्म्यांना फिर्यादीची बाजूही मांडायची असते आणि बचावाचीही. पुढे खुद्द न्यायाधीशच आसनावरून उतरून साक्षीदाराच्या जागी येतो. सामंताकडे सांगण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो हातातल्या कादंबरीचा आधार घेऊन साक्ष देतो, आणि ती कल्पित साक्ष खऱ्या आयुष्याला नेमकी जाऊन भिडते. मंडळीतला पोंक्षे टिक-ट्वेंटी या कीटकनाशकाच्या बाटलीची गोष्ट सांगतो. काशीकर अधूनमधून कान कोरत असतात. बाई बाहेर पडायला दाराकडे धावतात, तर कडी अडकलेली. पहिल्या अंकात हीच कडी त्यांच्या बोटाला लागलेली असते.

या प्रवेशावर पन्नासाहून अधिक वर्षे लिहिले जात आहे, तरी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्या संध्याकाळी भरायचा खटला अणुबॉम्बचा होता. आधुनिक विज्ञानाला जबाबदार धरणारा, जगाच्या पाठीवरच्या सर्वांत बलाढ्य माणसाला पिंजऱ्यात उभा करणारा तो खटला नाटकात एकदाही चालत नाही. मंडळी त्याच्यासाठी आलेली असतात, झगे बरोबर आणलेले असतात, आणि वेळ जात नाही म्हणून एका शिक्षिकेवर तुटून पडतात. तेंडुलकरांनी हे उपरोधासाठी केले असेलही; पण मराठी रंगभूमीचा पुढचा अर्धशतकाचा रस्ता त्यात आखला गेला. विज्ञानाचा खटला बाजूला राहिला आणि शेजारच्या बाईचा चालला. दुसरा खटला नाटक म्हणून अधिक जिवंत होता यात शंका नाही.

बेणारेबाईंना विचारलेल्या प्रश्नांपैकी खरोखर उत्तर हवे असलेले प्रश्न मोजायला एका हाताची बोटे पुरतात. बाकीचे सगळे प्रश्न विचारणाऱ्यांना एकमेकांच्या ऐकण्यासाठी हवे असतात. सुखात्मे चालत नसलेला वकील आहे, पोंक्षे इंटर नापास आहे, काशीकरांना मूल नाही, रोकडे त्यांच्या तुकड्यावर वाढलेला आहे. प्रत्येक प्रश्नातून आरोपीविषयी काहीच कळत नाही. विचारणाऱ्याविषयी सगळे कळते. अखेरच्या लांब स्वगतात बाई बोलतात तेव्हा बाकीची पात्रे गोठलेली असतात, म्हणजे त्यांचा जबाब नोंदला जातच नाही. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये याच नाटकावर चित्रपट केला.

‘घाशीराम कोतवाल’मध्ये तेंडुलकरांनी या प्रवेशाची दुसरी बाजू दाखवली. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. पुण्यात आलेल्या परक्या ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो, त्याला मार बसतो, कोठडी मिळते. तो माणूस पुढे कोतवाल होतो आणि आपल्यासारख्याच एका ब्राह्मणाच्या हातावर तापवलेला लोखंडी गोळा ठेवायला लावतो. खोट्या आरोपाचा बळी चांगला न्यायाधीश होईल ही आशा नाटक तिथेच जाळून टाकते.

तो गोळा नाटककाराच्या मनातून आलेला नाही. मराठेशाहीच्या न्यायपद्धतीत साक्षीपुरावा अपुरा पडला की ‘दिव्य’ करवून घेत. रवादिव्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा असे. मग हातावर पिशवी बांधून तिच्यावर मोहर केली जाई, आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात पाहिले जात: फोड आले नसतील तर माणूस खरा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला आहे. दिव्यात प्रश्न तोंडाला विचारला जात नाही, कातडीला विचारला जातो. माणसाचे बोलणे बाजूला सारून त्याच्या शरीराकडून जबाब घेणारी ही पद्धत म्हणजे यंत्राशिवायचे यंत्रच. २०२१ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एका नवऱ्याने बायकोला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. म्हणजे ही पद्धत पेशव्यांबरोबर संपली असे म्हणता येत नाही.

काही माणसे जन्मतःच आरोपी असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या बेड्यावर जातात ही रीत काही रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात ही चौकशी घरात शिरून होते आणि तिला तारीख-वेळ नसते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या समाजातील सहा जणांची फाशी रद्द करून त्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तोवर त्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. इतका मोठा विषय आत्मकथनात आला, नाटकात अगदी तुरळक.

चौकशीचे सर्वांत प्रगल्भ अलीकडचे रूप रंगमंचावर नाही, पडद्यावर सापडते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते मूळचे वर्धा जिल्ह्यातले, नागपुरात वाढलेले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक, एप्रिल २०२१ मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. त्यांचा चेहरा नटाचा नव्हता, चळवळीतल्या माणसाचा होता, आणि चित्रपटाला नेमका तोच हवा होता. कांबळे जवळपास गप्प असतात. असे गाणे लिहिले का, या प्रश्नावर ते अजून लिहिलेले नाही अशा अर्थाचे उत्तर देतात, आणि त्या ‘अजून’मुळे कोर्टाची भाषा क्षणभर अडखळते.

‘कोर्ट’मधली खरी चौकशी मेलेल्या कामगाराच्या विधवेची आहे. नवरा दारू का प्यायचा, मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी काय करायचा, एक डोळा कशाने गेला, हे ती सपाट आवाजात सांगते. आत झुरळे हलतात का ते पाहायला तो खडा टाकायचा. हलली तर श्वास घेण्याजोगी हवा आहे असे समजायचे. न्यायालयाला आत्महत्या हवी होती, तिने कामाची पद्धत सांगितली. आणि चित्रपट संपतो तो आरोपीवर नाही: न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे एकामागून एक विझतात, पडदा काळा होतो, आणि नंतर न्यायाधीश सदावर्ते सहलीला गेलेले, बागेत बाकावर डुलकी काढताना दिसतात. मुले खोडी काढतात, तेव्हा ते एका मुलाला चापट मारतात. पुन्हा तेच: सगळ्या उजेडात बसलेला माणूस प्रश्न विचारणारा आहे.

साथीदार ज्या जिल्ह्यातले त्या वर्ध्याच्या प्रेक्षकाला विधवेची चौकशी समजावून सांगावी लागत नाही. शहराला लागून असलेली बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे ही गावे आता शहरच झाली आहेत. घरांच्या ओळी संपल्या की कपाशी आणि तूर सुरू होते. पंतप्रधानांच्या २००६ च्या पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे होते त्यांत वर्धा होता. शेतकऱ्याने आत्महत्या केली की एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. नापिकी होती का, कर्ज कोणाचे होते, वसुलीचा तगादा होता का? सावकाराचे कर्ज कागदावर नसते, शेत सासऱ्याच्या नावावर असते, आणि ‘दारू पीत होता’ एवढे एक वाक्य फाइल बंद करायला पुरते. मेलेल्या माणसावरचा आरोप त्याच्या बायकोला खोडावा लागतो. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’मध्ये शेतकरी विधवा स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. ज्यांनी समितीपुढे उत्तरे दिली त्याच आता प्रेक्षकांपुढे बोलतात, तेव्हा साक्षीदार आणि नटी यांतले अंतर उरत नाही. समीक्षेने या प्रयोगाकडे करुण रसाचे नाटक म्हणूनच पाहिले. ते चौकशीचे नाटकही आहे.

इथून विज्ञानकथेकडे वळताना पहिले नाव कारेल चापेक यांचे. या झेक नाटककाराने ‘आर. यू. आर.’मध्ये जगाला ‘रोबोट’ हा शब्द दिला; नाटक १९२० चे. अखेरीस उरलेला एकच माणूस आल्क्विस्ट दोन रोबोटांची परीक्षा घेतो. एकीला चिरून आत काय आहे ते पाहायचे म्हणतो, तर दुसरा पुढे होतो: तिच्याऐवजी मला घ्या. मग तिला तसेच विचारतो आणि तीही तेच म्हणते. माणूस कोण हे ठरवणारा प्रश्न धमकीच्या रूपात विचारला गेला आणि त्याचे उत्तर प्रेमाच्या रूपात आले.

या लेखाच्या विषयाचा अस्सल नमुना मात्र चापेक यांच्याच ‘माक्रोपुलोस प्रकरणा’त आहे. प्रागमध्ये नोव्हेंबर १९२२ मध्ये ते रंगमंचावर आले. शंभर वर्षे रेंगाळलेला एक वारसाहक्काचा दावा आहे. एमिलिया मार्टी ही प्रसिद्ध गायिका त्यात हवी ती जुनी कागदपत्रे आणून देते. पण शतकापूर्वीच्या कागदावरचे अक्षर आणि तिचे आजचे अक्षर एकच निघते. निष्कर्ष उघड आहे: बाईने खोटे दस्त केले. तिच्या सामानाची झडती होते, वकील न्यायालय थाटतो, बाई व्हिस्की घेऊन समोर येते. कोणत्याही पोलीस ठाण्यातले पहिले दोन प्रश्न नाव आणि वय हेच असतात. तिथेच चौकशी कोसळते. नाव एलिना माक्रोपुलोस, जन्म १५८५, सम्राट रुडॉल्फच्या दरबारातल्या किमयागाराची मुलगी, वय ३३७ वर्षे. अक्षर एकच आहे, कारण दोन्ही तिचेच आहे. पुरावा खरा, तर्क बिनचूक, आणि आरोप तरीही खोटा. विज्ञानकथेने चौकशीच्या प्रवेशाला दिलेली ही मोठी देणगी: तपासणारे मूर्ख किंवा दुष्ट नसतानाही निर्दोष माणूस दोषी ठरू शकतो, कारण ज्या जगाच्या नियमांवर ते तर्क करतात ते जगच अपुरे असते. शकार लागत नाही, काशीकरही लागत नाहीत.

दूरचित्रवाणीने यंत्राला थेट न्यायासनावर बसवले. बीबीसीच्या ‘ब्लेक्स सेव्हन’च्या जानेवारी १९७८ मधील पहिल्याच भागात सत्तेला नको असलेल्या नायकावर मुलांशी गैरवर्तनाचा खोटा आरोप ठेवला जातो. मुले खोटे बोलत नसतात. त्यांच्या डोक्यात आठवणच घुसवलेली असते. दोन्ही वकील आपापला पुरावा गोळ्यांत भरून यंत्रात ठेवतात आणि यंत्र निकाल देते. उलटतपासणी होतच नाही. घाशीरामच्या गोळ्याची आठवण इथे होतेच. भारतात मंजुळा पद्मनाभन यांनी ‘हार्वेस्ट’ (१९९७) मुंबईतल्या एका खोलीत घडवले, जिथे परदेशी ग्राहक यंत्रातून घरावर नजर ठेवतो आणि अवयवांचा मालक होतो. त्यावर गोविंद निहलानी यांनी ‘देहम’ (२००१) केला. नाटक मुंबईचे, भाषा इंग्रजी. मराठीत अशा खोलीची दारे उघडली नाहीत.

मराठी विज्ञानकथा मोठी झाली ती छापील पानावर. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळी उभी राहिली. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत नाटकाला हवे ते सगळे आहे. इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले. सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून ते सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात. परतल्यावर मित्र त्यांची मवाळ चौकशी करतो: अपघाताचा धक्का, मनाचे खेळ. मग खिशातून बखरीचे एक पान निघते, ज्यात विश्वासराव वाचल्याची नोंद आहे. साक्षीदार खरा, पुरावा हातात, आणि घटना या जगात घडलेलीच नाही. माक्रोपुलोसच्या जातीचा प्रसंग. पण कथा त्यातला संघर्ष सोडून समजावणीकडे वळते. पुंजयामिकी सांगायची असते.

समजावून सांगण्याची ही सवय रंगमंचावर आणखी घट्ट झाली. मराठीत विज्ञाननाट्य म्हणजे बहुधा शाळेचे विज्ञाननाट्य. त्याच्या स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग असे टप्पे चढत संघ पुढे जातात. विदर्भातल्या संघांना नागपूरचे रमण विज्ञान केंद्र ठाऊक असते. बोरगाव मेघेसारख्या ठिकाणच्या मुलांनी अशा स्पर्धेला जायचे तर वेळ अर्ध्या तासाचा, विषय नेमून दिलेला, सामान जीपमध्ये मावेल इतके. अशा नाटकांतला आवडता साचा न्यायालयाचाच असतो. पिंजऱ्यात प्लास्टिक उभे असते, कधी मोबाइल, कधी कीटकनाशक. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. नदी फिर्यादी, गाय साक्षीदार. काळा कोट वकिलाला खांद्यावर मोठा होतो, हातोडी सुताराकडून आणलेली असते. निकाल घंटेआधी सगळ्यांना माहीत असतो. अभिरूप न्यायालय तेंडुलकरांनी ज्या उपरोधाने वापरले त्याचा मागमूस इथे नाही; प्लास्टिकला बचावाचा वकील दिला तरी तो हसण्यापुरता. मुले सुरेख काम करतात. पण आरोपी निर्दोष असू शकतो ही शक्यता या साच्यात बसतच नाही, आणि विज्ञानाच्या नाटकातून नेमकी शंकाच गळून पडते.

साहित्याच्या मांडवात दोन्ही धागे जवळ आले होते. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर, फेब्रुवारी २०२३ च्या वर्धा संमेलनाचे अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर, उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. विज्ञानकथाकार आणि न्यायाधीश अशी जोडी मराठीने चौदा महिन्यांच्या अंतराने मानाच्या एकाच खुर्चीत बसवली, नाटकात मात्र ती अजून समोरासमोर आलेली नाही.

दरम्यान प्रत्यक्षात ती भेट होऊन गेली, तीही महाराष्ट्रातच. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा अहवाल होता. या चाचणीत आरोपीने डोक्यावर इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून नुसते बसायचे असते. ध्वनिफितीतला आवाज तिच्या वतीने प्रथम पुरुषात वाक्ये बोलतो: अमुक विकत घेतले, अमुक ठिकाणी भेटले. ती काहीच बोलत नाही. कोणत्या वाक्याला मेंदूने ‘आठवण’ म्हणून ओळख दिली ते संगणक सांगतो. त्याच वर्षी निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे सांगितले. त्या तरुणीला पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी’ खटल्यात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याच्या घटनेतील कलम २०(३) च्या हक्कात मनातले न बोललेलेही येते.

नाटककाराच्या दृष्टीने या प्रसंगात सगळे आहे आणि एक गोष्ट नाही. संवाद नाही. आरोपी गप्प, प्रश्न नाहीच, आणि ‘मी’ म्हणणारा आवाज ध्वनिफितीतला. बेणारेबाईंचे स्वगत निदान त्यांच्या तोंडचे होते. इथे स्वगतच फिर्यादीने लिहिलेले आहे. तंत्रज्ञ सभ्य आहे, इलेक्ट्रोड टोचत नाहीत ना असे विचारतो, कान कोरत नाही. त्याच्यावर राग धरावा असे त्याच्यात काही नाही. तेंडुलकरांपासून ताम्हाण्यांपर्यंत मराठी कलावंताने चौकशी उभी केली ती विचारणाऱ्याच्या लकबींवर, त्याच्या अपयशावर, त्याच्या डुलकीवर. ती सगळी आयुधे इथे बोथट होतात. रवादिव्याच्या वेळी निदान पिशवीवर मोहर करणारा अंमलदार समोर उभा असे.

विषय जुना झाला म्हणून टळला असेही नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. तिचे मुख्यालय नागपुरात आहे, बोरगाव मेघेहून गाडीने दीड-दोन तासांवर. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला दस्तऐवजाचे स्थान अधिक ठळकपणे मिळाले. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे जुने तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे. ते तत्त्व पोलिसाच्या हातातल्या पट्ट्याची भीती लक्षात घेऊन आले होते. यंत्राने माणसाच्या वतीने दिलेली कबुली त्याच्या कक्षेत कशी बसवायची, यावर वकील वाद घालत आहेत. वर्ध्याच्या स्पर्धेत पिंजऱ्यात अजून प्लास्टिकच उभे आहे.